रात्रीचा मुक्काम : फणसाडचं जंगल आणि डिलाईल रोडचा गाळा

जे आत्ता लोकलच्या दारात उभे आहेत आणि हेडफोन घरी विसरलेत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मी खाल्लेले शब्द इथे परत आणलेत. बाकी सगळं तेच आहे.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून करतो.

लोअर परळ, ऑफिसचा सतरावा मजला, संध्याकाळचे साडेसात. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे हे तुम्हाला माहीतच आहे. एक बिल्ड अडकला होता, म्हणून बसलो होतो. तेवढ्यात गावाहून काकांचा मेसेज आला. "अरे, आपल्या वाडीत तंबू लावलेत तीन. ते ॲपवर टाकायचेत. तुला येतं ना ते? जरा छान इंग्रजीत लिही, मुंबईची माणसं येतील असं."

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात, फणसाड अभयारण्याच्या कडेला. नाव सांगत नाही. मागच्या भागात एका विहिरीचं नाव सांगितलं होतं, तर पुढच्याच रविवारी तिथं चार गाड्या येऊन थांबल्या होत्या.

दहा मिनिटांत मजकूर लिहिला. ॲपमध्ये प्रकार निवडायचा होता, त्यात "रस्टिक स्टे" होतं. ते निवडलं. खाली लिहिलं : अनटच्ड जंगल, अनटच्ड किनारा, शहरापासून दूर, जिथं काळ थांबलाय. लिहून झाल्यावर काकूला फोन करून मराठीत वाचून दाखवलं.

काकूने विचारलं, "अनटच्ड म्हणजे काय रे?"

म्हटलं, "म्हणजे जिथं कुणाचा हात लागलेला नाही असं."

ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "मग मी काय करते इथं सकाळपासून?"

मला उत्तर देता आलं नाही. मी तो मजकूर सेव्ह करून ठेवला, पब्लिश केला नाही. पुढचे दोन महिने जमेल तेव्हा त्या जंगलाबद्दल वाचलं, आजीला विचारलं, आणि एक रात्र त्या तंबूत जाऊन झोपलो. त्यातून हा भाग झाला. विषय साधा आहे : या जंगलाच्या कडेला आजवर रात्री मुक्काम कुणी केला, आणि कशासाठी?

नवाबाचं जंगल

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. अलिबाग, मग रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल. पुढे एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला डोंगर. काशीद, नांदगाव, मुरूड ही गावं समुद्राच्या बाजूला. डोंगराच्या बाजूला, मुरूड आणि रोहा या दोन तालुक्यांत पसरलेलं फणसाड. मुंबईहून रस्त्याने साधारण दीडशे किलोमीटर. समुद्रालगत इतकं दाट जंगल कोकणात फार ठिकाणी उरलेलं नाही. शेकरू आहे, बिबट्या आहे, आणि गारंबीचे वेल आहेत. हे वेल या झाडावरून त्या झाडावर जातात, त्यांच्या शेंगा मीटरभर लांब होतात आणि बिया पाण्यावर तरंगतात. जंगलात जिथं बारमाही पाणी असतं त्या जागांना स्थानिक लोक "गाण" म्हणतात.

हे जंगल टिकलं कसं? याचं उत्तर थोडं अडचणीचं आहे. ते टिकलं, कारण ते एका माणसाच्या शिकारीसाठी राखलेलं होतं.

१९४८ पर्यंत मुरूडवर जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं राज्य होतं. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. पाण्यातला जंजिरा किल्ला त्यांनी कधी कुणाला जिंकू दिला नाही, हे आपण शाळेत शिकतो. पण त्यांच्या राज्याची जमिनीवरची बाजू आपल्याला कुणी सांगत नाही. तेव्हा केसोलीचं जंगल म्हणून ओळखला जाणारा हा भाग नवाबांचं शिकारीचं राखीव रान होता. या डोंगरांतलं पाणी अडवून सिद्दी अहमदखानांच्या काळात गारंबीचं धरण झालं, आणि मुरूड शहराला तिथून पाणी मिळू लागलं. म्हणजे राजाची हौस आणि गावाचं पाणी, दोन्ही एकाच डोंगरातून.

हे फक्त जंजिऱ्यातच झालं असं नाही. महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, १९५८ चं दाजीपूर-राधानगरी, हे कोल्हापूर संस्थानाचं शिकारीचं जंगल. राजस्थानातलं रणथंभोर जयपूरच्या राजांचं. भरतपूरला तर १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात चार हजारांहून जास्त पक्षी मारले होते, आणि आज ते केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. इंग्रजीतला "फॉरेस्ट" हा शब्दसुद्धा मुळात झाडांसाठी नव्हता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या शिकारीसाठी राखलेली जमीन, मग तिथं झाडं असोत की नसोत, ती फॉरेस्ट.

आता संस्थानी शिकारीचा तळ डोळ्यासमोर आणा. कनातीचे तंबू, गालिचे, आचारी, बंदुका, पाहुणे. हेच आपल्याकडचं पहिलं "ग्लॅम्पिंग" म्हणा हवं तर. पण अशा तळावर पाहुण्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं रात्री जागी असायची. सामान वाहणारे, पाणी भरणारे, घोडे सांभाळणारे. आणि पहाटे हाका घालणारे. हाका म्हणजे डबे-ढोल वाजवत, आरडाओरडा करत जनावराला माचाणाकडे हाकलायचं. बंदूक माचाणावर, आणि जनावराच्या समोर पायी चालणारा माणूस गावातला. देशभरातल्या संस्थानांत हे काम बऱ्याचदा वेठीचं असायचं, म्हणजे बिनपगारी. फोटोत तो माणूस असलाच तर कडेला, मेलेल्या वाघाच्या शेपटीशी, नाव नसलेला.

मुंबईची चूल

दुसरा मुक्काम कातकऱ्यांचा.

एकोणिसाव्या शतकातली मुंबई स्वयंपाक कशावर करत होती? लाकूड आणि कोळसा. गॅस आणि रॉकेल फार नंतरचे. हे लाकूड आणि कोळसा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलांतून, खाड्यांमधून गलबतांत भरून यायचा. कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. नाव १९८१ साली बदललं.

कोळसा पाडायचं काम मुख्यतः कातकऱ्यांचं. लाकडं तोडायची, रचायची, वर पाला आणि माती घालून भट्टी बंद करायची आणि आतून धुमसत ठेवायची. भट्टीत हवा शिरली तर कोळशाची राख होते. म्हणून भट्टीशेजारी झोपडं घालून रात्र रात्र पाळत ठेवावी लागते. अख्खं कुटुंब महिनोनमहिने जंगलात. ठेकेदाराकडून आगाऊ उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. ही पद्धत गेल्या शतकाबरोबर संपली असं समजू नका, कोळसाभट्ट्यांवर अडकलेल्या कातकरी कुटुंबांच्या बातम्या आपल्या पिढीतही येत राहिल्यात.

म्हणजे बघा, एकाच डोंगररांगेत एक तंबू नवाबाचा आणि एक झोपडं कातकऱ्याचं. उघड्या आभाळाखाली दोघंही. एकाची ती मजा होती, दुसऱ्याची पाळी.

"पाळी" हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण तिसरा मुक्काम जंगलात नाही, लोअर परळमध्ये आहे.

डिलाईल रोडचा गाळा

माझे आजोबा १९५० च्या दशकात या गावातून मुंबईला आले. गावातून रेवदंड्यापर्यंत पायी, साळावचा पूल नव्हता म्हणून तरीतून खाडी पार, मग रेवसला जाऊन बोट आणि भाऊचा धक्का. आजी सांगते की पणजी दर खेपेला त्यांना बोटीत बसू नको म्हणायची. कारण १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली "रामदास" बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना ती तारीख आजही पाठ आहे.

आजोबा लोअर परळच्या एका गिरणीत लागले आणि डिलाईल रोडच्या गाळ्यात राहिले. तरुण मंडळी, गाळा म्हणजे काय ते सांगतो, कारण आता "गाळा" म्हटलं की आपल्याला दुकान आठवतं. एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली एक खोली. तिच्यात वीस-वीस, तीस-तीस पुरुष. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी, एक खुंटी. सगळे एका वेळी झोपू शकायचेच नाहीत. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीवरून आलेला त्याच जागेवर आडवा होणार. अंथरूण गार व्हायचंच नाही. उन्हाळ्यात अर्धे लोक फुटपाथवर झोपायचे. कॅम्पिंगच की.

आणि जेवण? खाणावळीत. गिरणगावातल्या बायका आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा गिरणी कामगारांचा दोन वेळचा स्वयंपाक करायच्या. पैसे महिन्याच्या महिन्याला, पगार झाल्यावर. तोपर्यंत किराणा उधारीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजावर. मुंबईच्या कापडाचा इतिहास लिहिताना सूत मोजलं जातं, माग मोजले जातात, पण त्या भाकऱ्या कुणी मोजल्या नाहीत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. घरात करतात म्हणून आजवर ज्याला कुणी काम म्हणत नव्हतं, ते बँकेच्या कागदावर धंदा म्हणून नोंदलं गेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा. शेवटी लागणार आहे.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरून गेला. गाळ्यातल्या बऱ्याच वळकट्या कोकणात परत गेल्या. आजोबांचीही गेली.

आता तारखा बघा. आजोबा १९८३ ला गावी परतले. १९८६ साली फणसाड अभयारण्य जाहीर झालं. शहरातली पाळी गेली म्हणून जो माणूस जंगलाकडे परतला, त्याला तीन वर्षांत कळलं की जंगलाचेही नियम बदललेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात शिकार बंद, आग लावायला बंदी, आणि रहिवासी सोडून इतरांना आत जायला परवानगी लागते. आजी म्हणते, "आधी नवाबाचं होतं, मग सरकारचं झालं. आम्ही आपले लाकूडफाट्याची मोळी घेऊन मधेच."

पण मी जंगलाच्या बाजूनेही बोलणार. १९८६ ची ती घोषणा झाली नसती तर तिथं आज काय असतं? मुंबईपासून तीन-चार तासांवर, समुद्र दिसणारे डोंगर. तुम्ही लोअर परळला राहता, तुम्हाला उत्तर सांगायला नको. आमच्याकडे गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते मी रोज सतराव्या मजल्यावरून बघतो. एक चिमणी शिल्लक आहे, खाली पार्किंग.

"अनटच्ड" नाहीच

एक उदाहरण देतो. फणसाडमध्ये पांढऱ्या पाठीची गिधाडं आहेत. भारतात ही गिधाडं एकेकाळी लाखोंनी होती. १९९० च्या दशकापासून त्यातली बहुतेक सगळी गेली. कारण होतं डायक्लोफेनॅक, म्हणजे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याच्या किडन्या निकामी. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाड काही शिकार करत नाही, त्याला मेलेलं गुरू लागतं. म्हणजे फणसाडचं गिधाड कडेच्या गावांमधल्या गोठ्यांवर जगतं. कुणाच्या तरी म्हशीला कुठलं औषध दिलं, यावर त्याचं आयुष्य ठरतं. याला "हात न लागलेलं" कसं म्हणायचं?

मग ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ थेट रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. फणसाडमधली झाडं पडली, मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या. आमच्या काकांची पोफळीची वाडी एका दुपारी गेली. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. नुकसानभरपाई येते आणि संपते, रिकामी वाडी तशीच राहते.

त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली होती, गाडीसकट तासाभरात पलीकडे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. आजोबांना ज्या प्रवासाला एक दिवस लागायचा तो आता नाश्ता आणि जेवणाच्या मधे बसतो. लॉकडाऊननंतर माणसांना उघड्यावर झोपायची हौस आली. काकांकडे रिकामी वाडी होती. अशी तीन तंबूंची गोष्ट झाली.

म्हणून मला तंबूंची खिल्ली उडवायची नाहीये. वनखात्याचेही सुपेगावला तंबू आहेत. तुम्ही जरूर जा. फक्त जाताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय मुक्काम नाही, आणि आत शेकोटी पेटवणं हा गुन्हा आहे, रील कितीही छान होणार असलं तरी. उन्हाळ्यात गाणीवर प्राणी पाण्याला येतात. तिथं तुमचा ब्लूटूथ स्पीकर म्हणजे हाकाच. फरक एवढाच की समोर माचाण नाही.

माझी एक रात्र

मे महिन्यात मी जाऊन त्या तंबूत झोपलो. तीन मित्र बरोबर होते, त्यांनी पैसे दिले, मी घरचा म्हणून फुकट. रात्री रातवा पक्षी ओरडत होता. लांबून समुद्राचा आवाज येत होता. मित्र म्हणाला, "काय शांतता आहे यार." खरंच होती.

पहाटे साडेचारला जाग आली. बाहेर उजेड नव्हता, पण मागच्या पडवीत होता. काकू चूल पेटवून बसली होती. तांदळाच्या भाकरीची उकड काढलेली. रात्री अकराला आमची भांडी घासून ती झोपली होती. मी शेजारी बसलो. तिला विचारलं, "रोज?"

"शनिवार-रविवार. बाकी दिवस साडेपाचला उठते."

मला एकदम गाळा आठवला. मी तो कधी पाहिलेला नाही, फक्त ऐकलाय. तीस माणसांच्या भाकऱ्या, महिन्याच्या उधारीवर. आमच्या घरातली बाई तेव्हा मुंबईत खाणावळीसाठी नव्हती, ती गावी शेत बघत होती. आता शहरातली माणसंच गावात जेवायला येतात आणि खाणावळ आमच्या पडवीत सुरू झालीय. फक्त तिला आता खाणावळ म्हणत नाहीत, "ऑथेंटिक होम-कुक्ड मील" म्हणतात.

नवाबाच्या तळावर हाका घालणारा, भट्टीजवळ जागणारा कातकरी, डिलाईल रोडची खाणावळवाली, आणि साडेचारला उठलेली काकू. या सगळ्यांच्या हिशेबात मला एकच गोष्ट सापडली. दुसऱ्याची रात्र निवांत जावी म्हणून कुणीतरी जागं असतं, आणि त्या जागणाऱ्याचं नाव पाटीवर नसतं. जंगलाचा इतिहास वाचताना आपण नवाब वाचतो, कायदा वाचतो, प्राण्यांची यादी वाचतो. जागणारा माणूस त्यात शोधावा लागतो.

मी इतिहासकार नाही. माझ्या हातात होता तो एक फॉर्म. तर तिथंच पडवीत बसून मी फोन काढला आणि तो मजकूर खोडला. नवीन लिहिला, आधी मराठीत, खाली इंग्रजीत : वाडी २०२० च्या वादळात गेली, नवीन पोफळी लावल्यात, त्यांवर पाय देऊ नका. डोंगरावरून येणारं पाणी उन्हाळ्यात कमी पडतं, जपून वापरा. रात्री नऊनंतर गाणी नाहीत. चूल एकच आहे आणि ती काकूची आहे. जेवण ती करते, त्याचे पैसे वेगळे लावलेत, त्यात घासाघीस नाही.

मग "यजमान" असा एक रकाना होता. आधी मी त्यात काकांचं नाव टाकलं होतं, काही विचार न करता. जागा त्यांच्या नावावर म्हणून. ते काढून काकूचं टाकलं. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "टाक की, मला काय." थोडे नाराज झाले, असं मला वाटलं. होऊ देत.

काकूला स्क्रीनवर तिचं नाव दाखवलं. तिने चष्मा लावून नीट वाचलं.

"नाव टाकलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पैसे कुणाच्या खात्यात येणार?"

मी परत फोनकडे बघितलं. तिथं अजून काकांचंच खातं होतं.

ती उठली, आत गेली आणि बचत गटाच्या बँकेचं पासबुक घेऊन आली. भाकरी तव्यावर होती, म्हणून मी आकडे मोठ्याने वाचले आणि तिने एकेक तपासून घेतला.

तर मंडळी, हा भाग इथेच. तुमच्या घरी गाळ्यात राहिलेलं कुणी असेल, किंवा खाणावळ चालवलेलं कुणी असेल, तर त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. पाच मिनिटं पुरेत. पुढच्या भागात भेटू.